पूजेतली ठोकणी

कोल्हापूर,
२५ ऑक्टोबर १९५३

ती. सौ. अक्कास,

सिद्धलिंगचा नमस्कार. दाजींनाही सांग. दसऱ्याला तुम्ही दोघे कोल्हापुरात येऊन गेलात, असे कुरुंदवाडच्या एका गाडीवानाकडून कळले. भेटला नाहीत याचा राग नाही. माझ्या हातून काही चुकले असेल तर तेवढे कळव, म्हणजे मी विचार करत बसणार नाही.

शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीवर दिवसा लिहिण्याचे काम ठीक चालले आहे. संध्याकाळी दत्तोपंत वकिलांकडे जातो. ते कामगारांना फी न घेता सल्ला देतात आणि त्यांचे अर्ज मी लिहितो. जागा म्हणजे एका तालमीची माडी. खाली पैलवानांची झटापट सुरू झाली की वर आमचे टेबल हलते, म्हणून मी दौत डाव्या हातात धरून लिहितो. येणारा माणूस दारातच चपला काढून उभा राहतो, जणू काही मागायला आला आहे. दत्तोपंत त्याला आधी बसवतात आणि सांगतात, कायदा तुमचाच आहे, मी नुसता वाचून दाखवतो.

या आठवड्यात बंडू नावाचा एक जण आला. उद्यमनगरातल्या नृसिंहरावांच्या फौंड्रीत तो साचे करतो. पेटीत वाळू भरायची, ती ठोकणीने दाबून घट्ट करायची आणि मग त्यात वितळलेले लोखंड ओतायचे, असे ते काम आहे. खंडेनवमीला फौंड्रीत हत्यारांची पूजा झाली. संध्याकाळी मालक म्हणाले, साखर कारखान्याचा हंगाम तोंडावर आला आहे, त्यांचे सुटे भाग अडलेत, भट्टी पेटवा. आता पूजेला बसलेले हत्यार दसऱ्याचे सोने वाटल्याशिवाय कोणी उचलत नाही, हे तुला सांगायला नको. कोणीच हलले नाही. पण तोंडाने बोलला तो एकटा बंडू. "मालक, उद्या सोनं वाटू, मग रातध्याड लोखंड वतू. आज हात लावायचा न्हाय." मालकांनी त्याला तिथूनच फाटकाबाहेर काढले.

दत्तोपंत म्हणाले होते, 'विनाकारण कामावरून काढले' एवढेच लिही. मी सगळे लिहिले. पूजा, भट्टी, त्याने नाही म्हटले तेही. गाळले तर खोटे लिहिल्यासारखे वाटले. शुद्धलेखन दोनदा तपासून अर्ज कचेरीत स्वतः नेऊन दिला आणि घरी आल्यावर लक्षात आले की दत्तोपंतांना तो दाखवलाच नाही. आता ते नक्कल वाचतील तेव्हा काय म्हणतील, ही काळजी आहे.

तुझा,
सिद्धलिंग


कुरुंदवाड,
१ नोव्हेंबर १९५३

चि. सिद्धूस,

तुझं काही चुकलेलं नाही. घरची म्हैस आटली तरी लहानपणी तू विचारायचास, माझ्यामुळं का गं अक्का. ती खोड अजून गेली नाही बघ.

आम्ही इंजिनासाठी आलो होतो. नदीवरून मळ्याला पाणी उचलायचं म्हणून तुझ्या दाजींनी तेलावरचं इंजिन घेतलं. ओळखीच्यांकडे मुक्काम केला, गडबड होती, भेटणं झालं नाही.

पण इंजिन कुणाकडून घेतलं ते ऐक. तुझ्या ह्याच नृसिंहरावांकडून. त्यांची नि तुझ्या दाजींची आता चांगली बसते. इकडच्या भागात त्यांची इंजिनं विकायची एजन्सी ह्यांना द्यायचं घाटतंय. हे रोज जेवताना तेच बोलतात. आणि तू त्यांच्याच विरुद्ध अर्ज लिहून बसलास! ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. गुळाच्या पेढीवर तुला कुणी चिकटवलं ते विसरू नकोस. वकिलांना सांग, ह्या एका कामाला दुसरा कुणी लेखनिक बघा. त्यात त्यांना राग यायचं काय आहे?

भाऊबीजेला ये. कडबू करते. येताना ते प्रकरण कोल्हापुरातच ठेवून ये.

तुझी,
अक्का


कोल्हापूर,
१९ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. अक्कास,

भाऊबीजेला आलो नाही, क्षमा कर. दाजी ओसरीवर बसून 'काय चाललंय?' म्हणून विचारणार आणि मला सांगता येणार नाही. न सांगता कडबू खाणे जमले नसते.

मालकांचे उत्तर आले आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. बंडू आमचा माणूसच नाही, मुकादमाने आणलेला बदली गडी आहे, ही पहिली. आणि काम नाकारल्याचे त्याने आपल्याच अर्जात कबूल केले आहे, ही दुसरी. दत्तोपंतांनी ते मोठ्याने वाचले तेव्हा मी उभाच राहिलो. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "सिद्धलिंग, घराला खिडकी ठेवतात. तू भिंतच ठेवली नाहीस." मी म्हणालो, उद्यापासून येत नाही. ते म्हणाले, उद्या लवकर ये.

बंडूची बायको तानाबाई जिना उतरताना सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "वकिलाच्या पोरानं आमच्याच ठोकणीनं आमचंच डोस्कं फोडलं की." खालचे पैलवानही हसले. मला राग आला नाही, कारण ते खरेच आहे.

दुसऱ्या लेखनिकाचे तू लिहिलेस. अक्का, अर्ज माझ्यामुळे बिघडला आहे. तो दुसऱ्याच्या हातात देऊन मी कुठे जाऊ? बंडू बदली गडी ठरला तर त्याची वाट कायमची बंद होते. मालकाला नाही म्हणणारा मोल्डर ही ख्याती उद्यमनगरभर झाली आहे. तो ज्या ज्या फौंड्रीच्या फाटकावर जातो तिथे त्याच्या आधी ती पोचलेली असते. मोल्डरला दुसरे काय येते? वाळू, भट्टी आणि साचा. परवा तो गाडीतळावर हमालांच्या रांगेत उभा दिसला, आणि मला बघून त्याने तोंड फिरवले.

एकट्या माणसाचा तंटा सरकार हातात घेत नाही, सोबतीचे उभे राहिले तर घेते. अर्जाच्या वेळी त्या फौंड्रीतल्या सगळ्यांनी अंगठे दिले होते. पण मालकांच्या तोंडासमोर बोला म्हटले की आता माना खाली जातात. त्यांना तरी काय म्हणायचे.

तुझा,
सिद्धलिंग


कुरुंदवाड,
२९ नोव्हेंबर १९५३

चि. सिद्धूस,

ओवाळायचं ताट तसंच झाकून ठेवलं होतं. शेवटी चंद्राला ओवाळलं. हे लिहिते ते तुला वाईट वाटावं म्हणूनच.

ती तानाबाई धडधाकट बाई दिसते. मला आवडली.

मला कोर्टकचेरीतलं काही कळत नाही. पण तुझ्या वकिलांनी त्या पूजेची नीट चौकशी केली का? प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी असते. कुणाची हत्यारं पूजेला मांडतात, कुणाची मांडत नाहीत, कुंकू कोण लावतं, हे कुणी विचारलं का? मला आपलं सहज वाटलं.

तुझ्या दाजींना मी तुझ्याबद्दल सांगून टाकलं. ते जेवणावरून उठले नाहीत, पण दुसरी भाकरी नको म्हणाले.

तुझी,
अक्का


कोल्हापूर,
१३ डिसेंबर १९५३

ती. सौ. अक्कास,

तुझे पत्र मी दत्तोपंतांना दाखवले नाही, पण तुझा प्रश्न माझा म्हणून विचारला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बंडूला बोलावणे धाडले.

रीत अशी आहे. चौरंगावर फक्त कायम माणसांची हत्यारे मांडतात. मुकादमाच्या गड्यांची मांडत नाहीत, त्यांना प्रसाद दाराशी मिळतो. पाच सवाष्णी प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावतात. मग मालकीणबाई, म्हणजे कालिंदीबाई, एकेकाचे नाव घेऊन नारळ देतात. आणि ज्याचे हत्यार त्यानेच दसऱ्याला आधी उचलायचे, दुसऱ्या कोणी नाही. बंडूला यात सांगण्यासारखे काही वाटलेच नव्हते. तो म्हणाला, "ह्यात काय सांगायचं? सगळीकडं आसंच की."

दत्तोपंत माझ्याकडे वळले. "तू लिहिलेलं वाक्य पुन्हा वाच. पूजेला बसलेलं हत्यार उचलणार नाही, म्हणाला ना तो? म्हणजे त्याचं हत्यार पूजेला होतं. मग हा बदली गडी कसा?" अक्का, ज्या वाक्याने घोटाळा केला तेच आता आधाराला आले आहे. मला अजून त्याचा आनंद करायला भीती वाटते.

कारण हे सांगणार कोण? चार सवाष्णी मालकांच्या घरच्याच. पाचवी बाहेरची होती. तानाबाई त्या वेळी दाराशी उभी होती. बंडूच्या हाताला फोड येऊ नयेत म्हणून तिने ठोकणीच्या मुठीला जुन्या इरकल लुगड्याचा काठ गुंडाळला आहे. ती सांगते, "ती परगावची पावणी कुक्कू लावता लावता थांबली. मुठीवरनं हात फिरवला आन म्हनली, कुणी गं गुंडाळलाय हे, हात सुखात ऱ्हाईल त्याचा. बोलन्यात कानडी हेल हुता."

त्या बाई सापडल्या तर बरे होईल, असे दत्तोपंत म्हणतात. त्यांना कुठे शोधायचे ते मला कळत नाही.

आपल्या अव्वाची इरकल तुझ्याकडेच आहे ना? सहज आठवले म्हणून विचारले.

तुझा,
सिद्धलिंग


कुरुंदवाड,
२२ डिसेंबर १९५३

चि. सिद्धूस,

अव्वाची इरकल माझ्याकडेच आहे. आणि तुला कळलेलं आहे. तू विचारायला भ्यालास, मी सांगायला भ्याले. एकाच आईची लेकरं आपण.

मुक्काम नृसिंहरावांकडंच होता. कालिंदीवहिनींच्या जाऊबाईंना ऐन वेळी बाजूला बसावं लागलं, एक सवाष्ण कमी पडली, म्हणून मला पाटावर बोलावलं. ती मूठ बघून मला अव्वाच आठवली. वहिनींनी 'बंडू' म्हणून हाक मारली, तो खाली मान घालून आला, त्यानं नारळ घेतला. संध्याकाळी फाटकाशी झालेला आरडाओरडाही मी माडीवरून ऐकला, त्यांचं घर फौंड्रीला लागूनच आहे. कुणाचं काय चाललंय ते तेव्हा कळलं नाही. तुझ्या पहिल्याच पत्रानं कळलं आणि मी तुलाच दटावलं.

आता तुझ्या दाजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एजन्सी जाईल, रत्नव्वा. कोण कुठला गडी, त्याच्यासाठी?"

मी म्हणाले, "त्याच्या ठोकणीला कुंकू माझ्या हातानं लागलंय. तो तिथला न्हवताच म्हणलं की माझे हात खोटे. ह्याच हातांत रोज सकाळी इष्टलिंग घेऊन पूजेला बसते मी. खोट्या हातांत ते कसं घेऊ, तुम्हीच सांगा."

ते उठून मळ्यात गेले. इंजिनाचा आवाज बराच वेळ येत होता. पाण्याची पाळी नव्हती तरी.

तारीख कळव. मी येते. हे येतील का नाही ते मला माहीत नाही.

तुझी,
अक्का


कोल्हापूर,
२७ डिसेंबर १९५३

ती. सौ. अक्कास,

लेबर ऑफिसरसाहेबांपुढे समेटाची बैठक मंगळवारी, ५ जानेवारीला, सकाळी अकराला आहे. पहिली एस.टी. धरलीस तर वेळेवर पोचशील. दुसरीवर भरवसा ठेवू नकोस, ती वाटेत रेंगाळते. थंडी आहे, शाल घे. आत फक्त दोन्ही पक्ष, वकील आणि साक्षीदार जातात. मला व्हरांड्यात थांबावे लागेल.

दत्तोपंतांना मी एवढेच सांगितले आहे की एक साक्षीदार येण्याचा संभव आहे. नाव सांगितले नाही. तुला अजूनही मागे फिरता यावे म्हणून. तू आली नाहीस तरी मी काही मनात धरणार नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडले, कारण ते पूर्ण खरे नाही. पण तू ते खरे धर.

तुझा,
सिद्धलिंग


कुरुंदवाड,
७ जानेवारी १९५४

चि. सिद्धूस,

परवा तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. बाहेर आले तर ह्यांनी एस.टी.ची घाई लावली, आणि तू नुसता माझ्याकडं बघत उभा. तेव्हा आतलं सगळं लिहिते.

हे सोबत आले ते तू पाहिलंसच. पहाटे मी निघाले तर दाराशी टोपी घालून उभे होते. कचेरीच्या पायरीवर माझी पिशवी तेवढी हातातून घेतली.

आत शिरले तशी नृसिंहरावांनी खुर्ची सरकवली. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूनं आले. मग मी बंडूच्या शेजारी बसले. त्यांचं तोंड मला बघवलं नाही. त्यांच्या घरी जेवलेली मी.

साहेबांनी विचारलं ते सगळं सांगितलं. नृसिंहरावांचा वकील म्हणाला, बाई परगावच्या, इतक्या हत्यारांतली एक ठोकणी कशी ओळखणार? मी म्हणाले, मुठीला इरकलीचा काठ हाय, लाल. आणि मग मला राहवेना. नृसिंहरावांनाच विचारलं, "दादा, ती ठोकणी आता कुठं हाय?"

वकील म्हणाला, उत्तर द्यायची गरज नाही. पण नृसिंहराव बोलले. खाली बघूनच. "चौरंगावरच हाय."

"कोण वापरतंय?"

"कोण न्हाय. दुसऱ्याचं पूजेतलं हत्यार कोण उचलंल, वहिनी? पोरं चौरंगाला वळसा घालून जात्यात. मी बी हात लावला न्हाय."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "मग हा माणूस तुमचा नाही असं कसं म्हणता?"

तुझे दत्तोपंत मध्ये पडले नाहीत, तो माणूस शहाणा आहे. शेवटी नृसिंहराव उठले, म्हणाले, "हंगामाच्या घाईत माझं डोस्कं फिरलं हुतं. येत्या मंगळवारी पाठवा त्याला." बंडूनं हात जोडले ते साहेबांना की मला की त्यांना, कळलं नाही.

एजन्सीचं नाव कुणी काढलं नाही. परतीच्या एस.टी.त हे जयसिंगपूरपर्यंत खिडकीबाहेर मळ्यांवरची इंजिनं बघत होते. मग म्हणाले, "दुसऱ्या कंपनीची इंजिनं बी पाणीच उपसत्यात की." एवढंच. कालिंदीवहिनींचं मात्र मनात राहिलंय. त्यांनी मला आपल्या पाटावर बसवलं होतं रे.

मंगळवारी काय झालं ते कळव. आणि ह्या वेळी काही गाळू नकोस.

तुझी,
अक्का


कोल्हापूर,
१३ जानेवारी १९५४

ती. सौ. अक्कास,

काल मंगळवार, अंबाबाईचा वार. समेटाच्या कागदावर मालकांची सही घ्यायला दत्तोपंतांनी मला बंडूबरोबर पाठवले. फौंड्रीत मी पहिल्यांदाच गेलो. सगळीकडे काळी वाळू, आणि कोपऱ्यात चौरंग. त्यावर एकटी ठोकणी. झेंडू उंदरांनी कुरतडलेला, कुंकू वाळून तपकिरी झालेले. लाल काठ मात्र धुळीतही ओळखू येत होता.

मालकांनी सही केली आणि म्हणाले, उचल, लाग कामाला. बंडू चौरंगापाशी जाऊन उभा राहिला. हात पुढे करेना. बाकीची माणसेही हातातले काम टाकून जवळ आली. मला वाटले आता पुन्हा काहीतरी बिनसले.

तेवढ्यात तानाबाई फाटकातून आत आली. तिने पदराची गाठ सोडली. आत आपट्याची पाने होती, दसऱ्याला वाटायला आणलेली आणि वाटायची राहिलेली. पार वाळली होती. बंडूने त्यांतले एक उचलून मालकांपुढे धरले.

"सोनं घ्या, मालक. औंदा जरा उशीर झाला."

नृसिंहरावांनी पान घेतले. कपाळाला लावले, खिशात ठेवले आणि एकदम खेकसले, "बघताय काय? भट्टी निवाय लागली." मग बंडूने ठोकणी उचलली. सगळी माणसे एकदम बोलायला लागली, म्हणून मला पुढचे नीट ऐकू आले नाही.

निघताना जिन्यावर कालिंदीबाई उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, रत्नव्वा त्या दिवशी नीट पोचल्या का. मी हो म्हणालो. आणि तानाबाईने मला फाटकाशी गाठले. "काय वकिलाच्या पोरा, आता हे बी लिवशील न्हवं? लिही. काय गाळू नगंस."

गेल्या रविवारी माडीवर दुसऱ्या एका फौंड्रीतले तिघे आले होते. चपला काढून दारात उभे. या वेळी त्यांना आत बसायला मी सांगितले. अर्ज लिहिला, आणि दत्तोपंतांना दाखवल्याशिवाय जागचा हललो नाही. त्यांनी एकही शब्द खोडला नाही, फक्त दोन वाक्यांची जागा बदलली.

तानाबाईने त्या आपट्याच्या पानांतले एक तुझ्यासाठी दिले आहे. चुरा होऊ नये म्हणून दोन जाड कागदांत ठेवून तिळगुळाच्या पुडीखाली घातले आहे, पाकीट जपून उघड. संक्रांत झाली की येत्या रविवारी मी येतो. ओवाळायचे ताट पुन्हा काढ. दाजी ओसरीवर असतील तर असू देत. 'काय चाललंय?' म्हणाले, तर आता सांगता येईल.

तुझा,
सिद्धलिंग